छपराखालचा हिशेब

मुंबईतल्या किती साहेबांची नावे पुसली गेली आणि किती उरली याची यादी कुणी केलीच, तर आर्थर क्रॉफर्ड हे नाव त्यात सर्वांत चिवट ठरेल. त्याच्या नावाच्या बाजाराला पुढे महात्मा ज्योतिबा फुले मंडई हे अधिकृत नाव मिळाले. पाटी बदलली, कागदपत्रे बदलली. टॅक्सीवाल्याला मात्र आजही क्रॉफर्ड मार्केट असेच सांगावे लागते. आमच्या तळ्याहून लग्नाच्या खरेदीसाठी मुंबई गाठणारी मंडळी सुका मेवा तिथूनच घेऊन येतात. हा क्रॉफर्ड कोण होता, हे त्यातले कुणी विचारत नाही, आणि विचारावे असे काही कारणही नाही.

मला मात्र या माणसाने बरीच वर्षे स्वस्थ बसू दिलेले नाही. नोकरीची सगळी वर्षे मी बँकेत काढली आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. कादंबरीकाराचे लक्ष माणसातल्या विसंगतीकडे जाते, बँकवाल्याचे खात्यातल्या. क्रॉफर्डच्या आयुष्यात या दोन्ही विसंगती एकाच पानावर येतात. एका मोठ्या शहराला त्याने भव्य, मोकळे, उजेडाचे छप्पर दिले, आणि त्याचाच स्वतःचा व्यवहार असा अंधारात चालला की महाराष्ट्रातल्या एका गाजलेल्या लाचखोरीच्या प्रकरणाला त्याचे नाव कायमचे चिकटले.

क्रॉफर्डचा जन्म १८३५ चा. ऐन विशीत तो मुंबई इलाख्यात सनदी नोकर म्हणून आला. १८६५ साली मुंबईला नवा म्युनिसिपल कायदा मिळाला, म्युनिसिपल कमिशनरचे पद निर्माण झाले, आणि तिशीतला क्रॉफर्ड शहराचा पहिला कमिशनर झाला. ते सालच विलक्षण होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपले आणि तो फुगा फुटला. शेअरबाजाराच्या नादी लागलेली घराणी धुळीला मिळाली. एकीकडे किल्ल्याचे तट पाडून शहर बाहेर पसरत होते आणि दुसरीकडे गटारे उघडी वाहत होती. पटकीची साथ वर्षाच्या पाहुणीसारखी यायची. मांस, मासळी, भाजी सगळे अरुंद गल्ल्यांतून, चिखलात, माशांच्या घोंगावण्यात विकले जायचे.

या शहरावर क्रॉफर्ड तुटून पडला. रस्ते, गटारे, सफाई यांचा त्याने धडाका लावला. कत्तलखाने वस्तीतून उठवून वांद्र्याला नेले. आणि किल्ल्याच्या उत्तरेला, मोकळ्या झालेल्या मैदानाच्या टोकाला, एक मोठा बाजार बांधायला घेतला.

बाजार बांधायचा म्हणजे काय करायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्याकडचे जुने छप्पर लाकडाचे. सागाची तुळई कितीही जाड घेतली तरी झाडाच्या उंचीला मर्यादा असते, आणि तुळई लांब झाली की स्वतःच्याच भाराने मध्ये वाकते. म्हणून दर आठ-दहा हातांवर खांब हवा. कोकणातल्या कुठल्याही जुन्या देवळाचा सभामंडप पाहा. तिथे खांबांची रांगच रांग दिसेल. कीर्तनाला आलेला माणूस खांबाआडून बुवा पाहतो आणि समाधान मानतो. बाजारात मात्र खांब म्हणजे अडथळा. हातगाडी फिरली पाहिजे, पाटीवाला वळला पाहिजे, फरशी धुता आली पाहिजे, वरून उजेड आणि बाजूने वारा आला पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर युरोपात नुकतेच सापडले होते. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन या माळीकाम करत वर आलेल्या माणसाने लोखंड आणि काच यांचा अवाढव्य महाल काही महिन्यांत उभा केला. पॅरिसने आपली मध्यवर्ती मंडई लोखंडी छपराखाली आणली. १८६८ साली लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर सुमारे २४० फूट रुंदीची कमान मध्ये एकही खांब न घेता उभी राहिली. क्रॉफर्डचा बाजार याच दशकातला. नकाशे काढले विल्यम इमर्सन या तरुण वास्तुशास्त्रज्ञाने, ज्याने पुढे कलकत्त्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल रचले. दारावरची शेतकऱ्यांची शिल्पे जे. जे. कलाशाळेतल्या लॉकवुड किपलिंगच्या हातची. १८६९ साली बाजार पुरा झाला. १२८ फुटांचा घड्याळाचा मनोरा, आणि दोन्ही अंगांना १०० फूट रुंदीची दालने, एक १५० फूट लांब, दुसरे ३५० फूट. बाहेरून दगड, आत लोखंड. आतले बिडाचे खांब इतके सडपातळ आणि उंच, की त्यांची अडचण वाटत नाही. १८८२ मध्ये याच छपराखाली विजेचे दिवे लागले.

इथे थोडे थांबून या छपराची युक्ती समजून घ्यायला हवी. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते दाब सोसते, पण ताण पडला की तडकते. घडीव लोखंड ताण सोसते. म्हणून त्या काळी खांब बिडाचे आणि वरच्या कैच्या घडीव लोखंडाच्या, अशी विभागणी असे. कैची म्हणजे त्रिकोणांची साखळी. चौकोनाचे कोपरे ढकलले की तो तिरका होतो. त्रिकोण मात्र बाजू वाकल्याशिवाय हलत नाही. कैचीची वरची दांडी दाबली जाते, खालची ओढली जाते, आणि मधल्या तिरप्या पट्ट्या हा भार एकमेकींकडे सोपवत शेवटी खांबापर्यंत नेतात. प्रत्येक पट्टीवर नेमका किती भार येतो याचा हिशेब मांडता येतो. जिथे भार नाही तिथे लोखंडही नाही. मागाहून स्वस्त पोलाद आले. ते दाब आणि ताण दोन्ही सोसणारे, त्यामुळे छपरांची झेप वाढतच गेली. आजचे क्रीडासंकुल, विमानतळ, गोदाम, मॉल हे सगळे या एकाच विचाराचे वंशज आहेत.

हिशेबाशिवाय जे उभेच राहत नाही असे छप्पर क्रॉफर्डने बांधले, आणि शहराच्या तिजोरीचा हिशेब मात्र मांडला नाही. मंजुरी नंतर, खर्च आधी, अशी त्याची रीत होती. कमिशनरवर देखरेख करायची ती जस्टिस ऑफ द पीस म्हणवणाऱ्या नेमलेल्या मंडळींनी. त्यांनी ती केली नाही. म्युनिसिपालिटी कर्जात रुतली, कर वाढले, आणि १८७१ मध्ये करदात्यांनी उठाव केला. त्या गदारोळात तरुण फिरोजशहा मेहतांनी वेगळी बाजू मांडली. क्रॉफर्डने शहराचा कायापालट केला हे नाकारू नये, दोष देखरेख न करणाऱ्या पद्धतीत आहे, आणि उपाय म्हणजे करदात्यांनी निवडलेले प्रतिनिधी, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. क्रॉफर्डला पद सोडावे लागले. १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या ६४ नगरसेवकांपैकी ३२ करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. आपल्या नागरी लोकशाहीचा एक पाया असा खर्चाच्या वादातून घातला गेला. मतदानाला जाताना हे आपल्या ध्यानात नसते.

देणाऱ्याचे नाव आणि दान उघड नोंदवण्याची रीत या मातीला परकी नव्हती. तळ्याजवळच कुड्याची लेणी आहेत, डोंगरात कोरलेली २६. तिथल्या शिलालेखांत कुणी काय दिले ते दगडात खोदून ठेवले आहे. त्यात कराडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे नाव आहे, महिक. त्याने एक लेणे दिले. जवळजवळ दोन हजार वर्षांनी आपण त्याचे नाव, गाव आणि धंदा वाचतो. दान कुणाचे याबद्दल शंका राहत नाही.

क्रॉफर्डचे पुढचे आयुष्य नेमके याच्या उलट गेले. मुंबई सुटल्यावर तो कोकणात रत्नागिरीचा कलेक्टर होता. कोकण त्याला चांगले ठाऊक झाले. इथल्या दंतकथांवर त्याने म्हातारपणी एक पुस्तकही लिहिले. पुढे तो पुण्याला मध्य विभागाचा कमिशनर झाला. हुशार, दिलदार, लोकांत मिसळणारा आणि हाताने सढळ. पैसा मात्र हाती टिकत नसे, आणि कर्ज वाढत जाई. कर्ज देणारे त्याच्याच हुकमतीखालचे. हणमंतराव जहागीरदार हा त्याचा मध्यस्थ म्हणून वावरे. बढती हवी, सोयीची बदली हवी, गैरसोयीची बदली टाळायची, तर मामलेदाराने हणमंतरावाकडे जावे, अशी कुजबुज होती. १८८८ मध्ये ती कुजबुज सरकारदरबारी पोहोचली. गव्हर्नर लॉर्ड रे यांनी क्रॉफर्डला निलंबित केले, चौकशीसाठी आयोग बसला. खरे बोलणाऱ्या मामलेदारांना अभय देण्याचे सरकारने वचन दिले होते. त्यावर विसंबून अनेकांनी आपण पैसे दिल्याचे सांगितले.

निकाल लागला तो असा. लाच घेतल्याचा आरोप आयोगाने सिद्ध मानला नाही. हाताखालच्या मुलखातल्या लोकांकडून कर्जे घेतल्याचे मात्र शाबीत झाले. क्रॉफर्डची नोकरी गेली. हणमंतरावाला शिक्षा झाली. आणि खरे बोललेले मामलेदार अडचणीत आले, कारण लाच दिल्याची कबुली देणारे न्यायासनावर कसे बसणार, असा सवाल इंग्रजी वर्तमानपत्रांनी आणि विलायतेत अनेकांनी केला. काहींच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा टिळक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सरकारने दिलेला शब्द सरकारनेच मोडू नये, ही त्यांची भूमिका होती. १८८९ मध्ये पुण्यात त्यासाठी जाहीर सभा झाली.

या निकालाकडे मी बँकवाल्याच्या नजरेने पाहतो तेव्हा लाच आणि कर्ज यांतली रेघ मला फार पुसट दिसते. बँकेत अधिकाऱ्याने ग्राहकाकडून उसने पैसे घेऊ नयेत, असा नियम असतो. नवशिक्या अधिकाऱ्यांना तो जाचक वाटतो. उसने तर घेतो आहे, परत करणारच आहे, असे त्यांचे म्हणणे. पण ज्याच्या सहीवर माझी बढती अडली आहे, त्याला दिलेले पैसे मी परत कसे मागणार? मागता येत नाही ते कर्ज कसले? साताऱ्या-सोलापूरकडच्या कुण्या मामलेदाराने बायकोचे दागिने मोडून पैसे नेले असतील, तर त्याच्या घरी त्याला कर्ज म्हणत नसणार.

मग बाजाराचे काय? बांधणाऱ्याचा हात स्वच्छ नव्हता म्हणून छप्पर खोटे ठरते का? की छप्पर उत्तम म्हणून हात माफ? कादंबरीत मी हा प्रश्न मोकळा सोडला असता. इथे उत्तर देणे भाग आहे. मला वाटते, ही दोन वेगळी खाती आहेत आणि एकातली जमा दुसऱ्यात वळती करता येत नाही. मुंबईने क्रॉफर्डचे नाव बाजारावर राहू दिले, आणि त्याच मुंबईने त्याच्या खर्चाला चाप लावला. दोन्ही बरोबरच झाले.

नोकरी गेल्यावर क्रॉफर्डने पुस्तके लिहिली. कोकणातल्या दंतकथांचे पुस्तक १९०९ मध्ये आले. १९११ मध्ये तो वारला. योगायोग असा, की आज त्याच्या बाजाराला ज्या जोतीरावांचे नाव आहे, त्यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना पुण्याच्या मंडईवरच्या मोठ्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांना वाटे. पुण्याची ती मंडई १८८६ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली, आणि आज तीही महात्मा फुले मंडईच आहे. जाब विचारणाऱ्याचे नाव दोन्ही छपरांवर लागले, याचे मला बरे वाटते.

आता गावोगावी लोखंडी छपरे उभी राहत आहेत. देवळापुढचा सभामंडप, शाळेचे सभागृह, लग्नाचा हॉल, बाजाराची शेड. अँगलच्या किंवा पाइपच्या कैच्या आणि वर रंगीत पत्रा. खांबाआडून बुवा पाहायची पाळी आता येत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरले, तेव्हा आमच्या भागात पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. जुन्या लाकडी छपराला स्वतःच्या वजनाचा आधार असतो. लोखंडी छप्पर हलके. वादळात वारा ते खाली दाबण्याऐवजी वर उचलू पाहतो. तिथे कैची किती देखणी आहे याला महत्त्व नसते. पत्रा कैचीला किती बोल्टांनी बांधला, खांबाचे पायाचे बोल्ट काँक्रीटमध्ये किती खोल गेले, यावर सगळे ठरते. आणि हे बोल्ट उद्घाटनाच्या दिवशी कुणाला दिसत नाहीत. खर्चात काटछाट करायची, किंवा पैसे मधल्या मध्ये जिरवायचे, तर ती जागा नेमकी हीच.

म्हणून गावात सार्वजनिक शेड उभी राहत असेल तर ग्रामस्थांनी दोन कागद मागावेत. एक, वाऱ्याचा जोर धरून अभियंत्याने सहीनिशी केलेला हिशेब. दुसरा, झालेल्या खर्चाचा. दोन्ही शेडमध्येच, सर्वांना वाचता येतील असे भिंतीवर लावावेत. कुड्याच्या डोंगरात लोखंडाच्या व्यापाऱ्याचे नाव कोरता आले, तर आपल्याला एक फलक लावायला अडचण नसावी.