गोदावरी परुळेकर : वारल्यांची ‘गोदाराणी’

पालघर, बोईसर, तारापूर म्हटलं की कारखाने आणि अणुवीज केंद्र आठवतं. इथून थोडं उत्तरेला डहाणू-तलासरीचा भाग लागतो. तिथले वारली आदिवासी बोलतात ती वारली बोली मराठीला जवळची आहे, पण तिला स्वतःची लिपी नाही. ही बोली बोलणाऱ्यांचं जगणं मराठी वाचकांपर्यंत पोहोचवलं ते गोदावरी परुळेकर यांनी.

पुण्यातून तलासरीकडे

१४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्याच्या गोखले घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील नामांकित वकील होते. त्यांनीही कायद्याची पदवी घेतली, भारत सेवक समाजात काम केलं आणि मुंबईत प्रौढ साक्षरतेची मोहीम चालवली. १९३९ मध्ये कम्युनिस्ट नेते शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

वेठबिगारीविरुद्ध लढा

त्या काळी वारली जमीनदारांच्या शेतावर फुकट राबत. लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघंही सावकाराचे ‘लग्नगडी’ होत. वहीत काय लिहिलंय हे वाचता येत नसल्यानं कर्ज कधी फिटलं, हेही सावकारच ठरवी.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले. वेठ करायची नाही आणि रोज बारा आणे मजुरीशिवाय कामाला जायचं नाही, असं ठरलं. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे हा निरोप पाड्यापाड्यांवर तोंडी पोहोचला. ऑक्टोबरमध्ये तलवाडा इथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचा बळी गेला. तरीही लढा थांबला नाही आणि वेठबिगारी मोडली. वारली गोदावरीबाईंना ‘गोदाराणी’ म्हणू लागले.

पुस्तक आणि बोली

या अनुभवांवरचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचं पुस्तक १९७० मध्ये आलं. १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचं निधन झालं.

वारल्यांचा हा इतिहास मराठीत लिहिला गेला, म्हणून तो टिकला. त्यांची बोली मात्र अजूनही मुख्यतः तोंडीच आहे. शाळेत प्रमाण मराठी आणि बोईसरच्या कारखान्यांत हिंदी कानावर पडत असताना, घरात मुलांशी वारलीत बोललं जाईल तोवरच ती पुढच्या पिढीला मिळेल.