सोपारा बंदराचा दासीपुत्र

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा म्हटले की नदी आठवते, सिद्धेश्वरचे धरण आठवते. पूर्ण नावाचा एक माणूस तथागतांच्या काळात याच महाराष्ट्राच्या समुद्रकाठी होऊन गेला, हे मात्र वर्षावासात नेमाने ग्रंथवाचन करणाऱ्या आपल्या विहारांतही फारसे सांगितले जात नाही. नदीशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही. पण समुद्र पाचशे किलोमीटरवर, तेव्हा बंदराच्या इतिहासाशी आपले काय देणेघेणे, असेही कुणी समजू नये. सातवाहन काळात तेरचे कापड बैलगाड्यांनी पैठणला आणि तिथून पुढे भडोचच्या बंदराला जात होते. पैठणहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात वाटसरूंसाठी पाण्याचे टाके खोदून देणारा एक दाता सोपाऱ्याचा होता, असे तिथला शिलालेख सांगतो. बंदर आणि मराठवाडा एकाच वाटेची दोन टोके होती.

ते सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. लोकल गाडीतून रोज लाखो माणसे तिथे चढतात, उतरतात. पालीत त्याला सुप्पारक म्हणतात, ग्रीक खलाशी सुप्पारा म्हणत.

पूर्णाची कथा ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात आहे. भव नावाचा सोपाऱ्याचा श्रीमंत व्यापारी आजारी पडला. बायकोने, मुलांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. घरातल्या दासीने सेवा करून त्याला वाचवले. त्या दासीच्या पोटी पूर्ण जन्मला. बाप गेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा धाकट्या दोन सावत्र भावांनी दासीच्या मुलाला वारस मानायला नकार दिला. घरातल्या दासदासींसारखा तोही वाटणीतली एक वस्तू ठरला! थोरला भाऊ भविल माणुसकीचा. त्याने घर, शेत, दुकान सोडले आणि आपला वाटा म्हणून पूर्णाला घेतले.

रिकाम्या हाताने बाहेर पडलेल्या पूर्णाने एका मोळीतले चंदन ओळखले आणि त्यावर पुन्हा धंदा उभा केला. पुढचा प्रसंग आपण विशेष लक्षात ठेवावा. बंदरात परदेशी माल उतरला. व्यापाऱ्यांच्या श्रेणीने ठराव केला होता की एकट्याने कुणी माल घ्यायचा नाही, घेईल त्याला साठ कार्षापण दंड. पूर्णाने बयाणा देऊन सगळा माल उचलला. श्रेणीने त्याला पकडून उन्हात उभे केले. त्याने दंड भरायला साफ नकार दिला. ठराव करताना मला किंवा माझ्या भावाला बोलावले नव्हते, तुमचा नियम तुम्हीच पाळा, असे त्याचे म्हणणे. राजाने चौकशी केली आणि श्रेणीला मान खाली घालावी लागली. ज्यांना विचारले नाही त्यांच्यावर नियम लादायचा आणि मोडला म्हणून बहिष्कार टाकायचा, हा प्रकार आपल्या गावांना नवा नाही.

पूर्ण सहा वेळा समुद्रावर जाऊन सुखरूप परतला. ब्राह्मणी धर्मशास्त्रात बौधायनाने समुद्रप्रवास पातकांत मोजला आहे. बौद्ध वाङ्मयात मात्र दर्यावर्दी व्यापारी सन्मानाने वावरतात. सातव्या सफरीत श्रावस्तीचे व्यापारी रात्री, पहाटे काही म्हणत. पूर्णाला ती गाणी वाटली. ते बुद्धवचन आहे असे कळले आणि त्याचे मन पालटले. परत येताच सारी संपत्ती भविलाला देऊन तो श्रावस्तीला गेला. अनाथपिंडिकाने त्याला तथागतांकडे नेले. पूर्ण भिक्खू झाला.

पालीतल्या पुण्णोवाद सुत्तात पुढचा भाग येतो. त्याला सूनापरांतात, म्हणजे या पश्चिम किनाऱ्याच्या मुलखात, धम्म सांगायला जायचे होते. तिथले लोक तापट आहेत, शिव्या देतील, दगड मारतील, जीवही घेतील, मग काय करशील, असे तथागतांनी एकेक पायरी वाढवत विचारले. प्रत्येक वेळी पूर्णाने त्याहून वाईट केले नाही हा त्या लोकांचा चांगुलपणा मानीन असे सांगितले. यात कुणाला लाचारी दिसेल. पण बोलणारा माणूस कोण? भर बंदरात श्रेणीसमोर न वाकलेला. पहिल्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका घडवल्या. तिथेच त्याचे परिनिर्वाण झाले.

ही झाली ग्रंथांची साक्ष, आणि अवदानकथेत भाविकतेची भर असणारच. पण सोपाऱ्याची जमीनही बोलते. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. आत दगडी करंडक निघाला. त्यात एकात एक ठेवलेल्या तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोन्याच्या डब्या, भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे, बुद्धांच्या आठ मूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. सम्राटाच्या बोधगयेच्या यात्रेची हकिकत सांगणारा तो लेख. नवव्या लेखाचा तुकडा जवळच भुईगावला मिळाला तो 1956 मध्ये, बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली त्या वर्षी.

उत्खनन होईपर्यंत स्तूप हा शब्द त्या टेकाडाला कुणी लावत नव्हते. पण गावच्या लोकांनी त्याला वाडवडिलांपासून एक नाव दिले होते : बुरूड राजाचा कोट. टोपल्या विणणाऱ्या बुरुडांचा राजा!