बियाण्यांचा राखणदार

दुष्काळ कितीही कडक असो, पेरणीसाठी राखलेल्या बियाण्याला हात लावायचा नाही, हा आपल्या खेड्यांतला जुना दंडक. घरात चूल पेटली नाही तरी मडक्यात राख घालून ठेवलेले बी तसेच राहायचे. हाच दंडक एका रशियन शास्त्रज्ञाने साऱ्या जगासाठी पाळला. त्यांचे नाव निकोलाय वाविलोव.

त्यांचा जन्म १८८७ साली मॉस्कोतल्या एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. ते चार वर्षांचे असताना रशियात मोठा दुष्काळ पडला. १९२१ मध्ये व्होल्गाच्या खोऱ्यात पुन्हा तेच घडले आणि लाखो माणसे दगावली. याच खोऱ्यातल्या सारातोव शहरात वाविलोव प्राध्यापक होते. पिकांचे रोग हा त्यांचा अभ्यासविषय. तांबेऱ्याला दाद न देणारा, थोड्या पाण्यावर तगणारा गहू जगात कुठे ना कुठे असणारच, आणि तो शेतकऱ्याच्याच शेतात सापडेल, अशी त्यांची खात्री होती.

मग भ्रमंती सुरू झाली. १९१६ मध्ये ते इराणला गेले, १९२४ मध्ये अफगाणिस्तानात, १९२७ मध्ये इथिओपियात, १९२९ मध्ये चीन-जपानमध्ये आणि नंतर मेक्सिको-पेरूपर्यंत. शेतांतून, बाजारांतून मूठ-मूठ धान्य घ्यायचे आणि ते कुठले, याची नोंद करायची. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाचे वाण सर्वांत अधिक, तेच त्याचे माहेर, असा सिद्धान्त त्यांनी १९२६ मध्ये मांडला. भात, वांगे, आंबा यांच्या माहेरांत त्यांनी भारताची गणना केली.

लेनिनग्राडच्या संस्थेत १९४० पर्यंत सुमारे अडीच लाख नमुने जमले. पण ती काही बंद तिजोरी नव्हती. बी फार दिवस पडून राहिले तर उगवत नाही, म्हणून ते ठरावीक काळाने पेरून ताजे करावे लागते. देशभरच्या केंद्रांवर हे वाण वेगवेगळ्या हवामानात पेरले जात आणि त्यांतून नवी बियाणी तयार करणाऱ्यांना नमुने मिळत. शेतातून आलेले बी पुन्हा शेतात जावे, हाच त्यामागचा हेतू होता.

त्याच सुमारास त्रोफिम लिसेंको यांचे प्रस्थ वाढत होते. आनुवंशशास्त्र नाकारून झटपट पिकांची हमी देणाऱ्या या माणसावर स्टालिन यांची मर्जी होती. वाविलोव यांनी त्यांना विरोध केला. ऑगस्ट १९४० मध्ये युक्रेनमध्ये नमुने गोळा करत असतानाच त्यांना अटक झाली. पुढच्या वर्षी फाशीची शिक्षा झाली, ती नंतर वीस वर्षांच्या कैदेवर आली. आणि तुरुंग कोणता? त्याच सारातोवचा! २६ जानेवारी १९४३ रोजी तिथे उपासमारीने खंगून त्यांचा अंत झाला.

तिकडे लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. शहरात लाखो माणसे भुकेने मेली. संस्थेत तांदूळ, गहू, शेंगदाणे यांची पोती होती. वाविलोव यांच्या सहकाऱ्यांनी त्यातला दाणाही खाल्ला नाही. भाताचे तज्ज्ञ द्मित्री इवानोव भुकेने गेले. भुईमुगाचे अलेक्सांद्र श्चुकिन गेले, ओटच्या लिदिया रोदिना गेल्या. बियाणे मात्र वाचले.

१९५५ मध्ये सरकारने वाविलोव यांना निर्दोष ठरवले. आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आपल्याकडे १९७६ पासून दिल्लीत राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरो हे काम करते. पण साध्या शेतकऱ्याला बी गावच्या बियाणे बँकेतही मिळू शकते. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची अशीच बँक उभारली, त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. मूठभर बी न्यावे, पेरावे आणि पीक आल्यावर परत आणून द्यावे, अशी या बँकांची साधारण रीत. वाविलोव यांचे स्मारक करायचे तर याहून चांगले कोणते?