कालाहारीचा वाटसरू, नाशिकचे सोबती

कोल्हापुरात, विशेषतः राजारामपुरीसारख्या वस्तीत, सुट्टीत आफ्रिकेला जाऊन आलेले कुटुंब आता नवलाईचे राहिलेले नाही. मुंबईमार्गे जोहान्सबर्ग किंवा केपटाऊन, तेथून उंच चाकांच्या ट्रकमधून नामिबिया आणि बोत्स्वानाची वाळवंटे, रात्री तंबूत मुक्काम, माऊनजवळ ओकावांगोचे पाणी, मकगाडीगाडीची खारी मैदाने, चोबेचे हत्ती आणि शेवटी व्हिक्टोरिया धबधबा, असा या सफरींचा साधारण मार्ग असतो. आफ्रिकेतले प्राणी तसे कोल्हापूरला पूर्वीपासून ओळखीचे. ज्यांचे नाव राजारामपुरीला लाभले त्या छत्रपती राजाराम महाराजांच्या काळी काळविटांच्या शिकारीसाठी थेट आफ्रिकेतून चित्ते आणले जात. मात्र माऊनपासून धबधब्यापर्यंतचा हा मुलूख ज्याच्या प्रवासांमुळे युरोपच्या नकाशावर आला, त्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे महाराष्ट्राशी जडलेले नाते फारसे कोणाला ठाऊक नसते. हे नाते मुंबईत जुळले, नाशिकला वाढले आणि त्याच्या मृत्यूनंतर खऱ्या अर्थाने कसोटीला लागले.

लिव्हिंग्स्टनचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडमधील ब्लँटायर या गावी झाला. घरची गरिबी अशी, की दहाव्या वर्षी तो कापडगिरणीत लागला. तुटलेले धागे जोडण्याचे काम सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत चाले. यंत्रावर पुस्तक उघडे ठेवायचे आणि येता-जाता एकेक वाक्य वाचायचे, अशा रीतीने त्याने लॅटिन गाठले आणि पुढे ग्लासगोत वैद्यकाचे शिक्षण घेतले. धर्मप्रसारासाठी त्याला चीनला जायचे होते. अफूचे युद्ध पेटल्याने ती वाट बंद झाली आणि १८४१ साली तो दक्षिण आफ्रिकेत उतरला. किनाऱ्यापासून कुरुमानच्या मिशन ठाण्यापर्यंतचा प्रवास बैलगाडीने झाला. छपराच्या त्या अवजड गाड्या, वाटेतले मुक्काम, रात्रीच्या शेकोट्या आणि अंधारातून येणारे श्वापदांचे आवाज हे त्या प्रवासात जे सुरू झाले, ते त्याच्या आयुष्यातून कधी गेलेच नाही.

१८४४ साली माबोत्सा येथे गुरे मारणाऱ्या सिंहाचा बंदोबस्त करताना जखमी सिंहाने त्याच्यावर झडप घातली आणि डाव्या दंडाचे हाड चावून फोडले. मेबाल्वे नावाच्या आफ्रिकी शिक्षकाने बंदूक रोखली, तेव्हा सिंह लिव्हिंग्स्टनला सोडून त्याच्यावर धावला. मेबाल्वेलाही चावा बसला, पण दोघे वाचले. लिव्हिंग्स्टनचे हाड नीट जुळले नाही ते नाहीच. या हाडाची गोष्ट तीस वर्षांनी पुन्हा निघणार होती.

१ जून १८४९ रोजी कोलोबेंगहून तो उत्तरेकडे निघाला, तो कालाहारी ओलांडण्यासाठी. सोबत विल्यम कॉटन ऑस्वेल आणि मंगो मरे हे दोघे होते. ऑस्वेलने मद्रास इलाख्यात कंपनी सरकारची नोकरी केलेली. तो पट्टीचा शिकारी होता आणि मोहिमेच्या खर्चाचा मोठा भार त्यानेच उचलला. पुढे त्याने श्रेयावर हक्क सांगितला नाही, म्हणून त्याचे नाव मागे पडले.

कालाहारी हे सहारासारखे ओसाड वाळवंट नव्हे. तेथे गवत आहे, काटेरी झाडे आहेत, हरणांचे कळप आहेत, चांगल्या वर्षी मैलोन्‌मैल रानकलिंगडे पसरतात. नाही ते वाहते पाणी. सेरोत्ली येथे वरून कोरडे दिसणारे खड्डे हातांनी उकरावे लागले. वाळूखाली कठीण थर असतो आणि त्यावर पाणी झिरपून साचते. तो थर फोडला तर पाणी खाली निघून जाते. म्हणून घाई केली तर सगळेच हातचे जाते. तहानलेले बैल हंबरत असताना माणसांनी संथपणे वाळू उपसत बसायचे, हा संयम तेथल्या माणसांकडूनच शिकावा लागला. सान अर्थात बुशमन स्त्रियांची रीत तर याहून सूक्ष्म होती. बोरूच्या टोकाला गवताचा झुबका बांधून तो ओल्या वाळूत पुरायचा, तोंडाने पाणी ओढायचे आणि गवताच्या काडीवरून ते शहामृगाच्या अंड्याच्या कवचात सोडायचे. भरलेली कवचे जमिनीत पुरून ठेवली, की कोणा परक्याला त्यांचा सुगावा लागत नसे. पुढे एका खाऱ्या मैदानावर मृगजळ इतके हुबेहूब दिसले, की सरोवर आले असे समजून ऑस्वेलने टोपी हवेत उडवली. खरे न्गामी सरोवर १ ऑगस्टला लागले. दोन महिन्यांच्या या प्रवासाबद्दल लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने लिव्हिंग्स्टनला पारितोषिक दिले.

ज्यांनी पाण्याची वाट दाखवली त्यांच्या वाट्याला काय आले, हे येथेच सांगितलेले बरे. मध्य कालाहारीचे अभयारण्य १९६१ साली घोषित झाले. १९९७ आणि २००२ साली बोत्स्वाना सरकारने तेथील सान लोकांना बाहेर हलवले आणि त्यांना पाणी पुरवणारी कूपनलिकाही बंद केली. २००६ साली उच्च न्यायालयाने त्यांचा तेथे राहण्याचा हक्क मान्य केला. पाण्याच्या हक्कासाठी मात्र त्यांना २०११ पर्यंत झगडावे लागले.

पुढच्या दोन खेपांना लिव्हिंग्स्टनने पत्नी मेरी आणि लहान मुलांनाही वाळवंटातून नेले. १८५० च्या खेपेनंतर जन्मलेले मूल दगावले. १८५१ मध्ये वाट चुकून मुले पाण्यावाचून चार दिवस तळमळली, आणि त्याच प्रवासात परतताना नदीकाठी मेरी पुन्हा बाळंत झाली. सासूने जावयाला लिहिलेल्या पत्रातला संताप अगदी रास्त होता. लिव्हिंग्स्टनचे चरित्रकार या प्रसंगांवरून झटपट पुढे सरकतात, पण धैर्य आणि निष्ठुरपणा यांतली रेषा त्याने येथे ओलांडली होती यात शंका नाही. १८५२ मध्ये त्याने कुटुंबाला इंग्लंडला पाठवून दिले. मेरी १८६२ साली झांबेझीच्या काठी शुपांगा येथे तापाने वारली.

एकटा झाल्यावर त्याने जो प्रवास केला त्याने त्याला जगप्रसिद्ध केले. १८५३ च्या अखेरीस मकोलोलोंचा राजा सेकेलेतू याने माणसे, बैल आणि हस्तिदंत दिले. त्यांच्या बळावर लिव्हिंग्स्टन मे १८५४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील लुआंडाला पोहोचला. तापाने हाडांचा सापळा झालेल्या या माणसाला तेथून जहाजाने मायदेशी जाता आले असते. पण सोबतच्या माणसांना घरी पोहोचवण्याचा शब्द दिलेला होता, म्हणून तो आला त्या वाटेने परतला. मग पूर्वेकडे निघाला. नोव्हेंबर १८५५ मध्ये नावाड्यांनी त्याला होडीतून त्या प्रचंड प्रपाताच्या अगदी कड्यावरच्या बेटावर नेले. मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गरजणारा धूर, हे त्याचे तिथले नाव. लिव्हिंग्स्टनने त्याला आपल्या राणीचे नाव दिले. मे १८५६ मध्ये तो हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर क्वेलिमानेला पोहोचला. युरोपीय माणसाने आफ्रिका खंड या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत ओलांडल्याची ही पहिली नीट नोंदलेली हकिकत. ती मोहीम प्रत्यक्षात मकोलोलोंचीही होती, ही गोष्ट मात्र लंडनच्या सत्कारसमारंभांत कोणाला सुचली नाही.

त्यानंतर सरकारी खर्चाने निघालेली झांबेझी मोहीम १८५८ ते १८६४ अशी रेंगाळली आणि फसली. नदीतल्या काहोरा बासाच्या खडकाळ उतारांनी आगबोटींची वाट अडवली, आणि सहकाऱ्यांना सांभाळून घेण्याची कला लिव्हिंग्स्टनजवळ नव्हतीच. मोहीम गुंडाळताना त्याची स्वतःच्या पैशांनी बांधलेली लेडी न्यासा ही छोटी आगबोट उरली. झांझिबारला विकली तर ती गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडेल, म्हणून त्याने ती स्वतः हाकारत मुंबईला आणायचे ठरवले. मोजके खलाशी, तुटपुंजा कोळसा, डोक्यावर आलेला मोसमी पाऊस, आणि समुद्रावर ४५ दिवस. १३ जून १८६४ रोजी बोट मुंबई बंदरात शिरली. पुढच्या वर्षी ती किमतीच्या निम्म्याहून कमी पैशांत विकली गेली. ते पैसे एका बँकेत ठेवले आणि अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाची तेजी ओसरल्यावर ज्या पेढ्या कोसळल्या त्यांत तेही बुडाले. कापडगिरणीत धागे जोडणाऱ्या पोराची कमाई कापसाच्याच मंदीत गेली.

मुंबईत मात्र त्याला दुसरे भांडवल मिळाले. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडली, की त्यांतली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली जात. त्यांपैकी अनेकांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर येथे चालवलेल्या आश्रमात पाठवीत. आज नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज हजारो वाहने जातात. ते शरणपूर हेच. तेथे ही मुले लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकली. गाव, आईबाप, भाषा सगळे हरवलेल्या या मुलांची नावेही नवी होती. त्यांतली नऊ मुले लिव्हिंग्स्टनबरोबर जायला तयार झाली. चुमा आणि विकाटानी या दोन आफ्रिकी मुलांना त्याने मागच्या खेपेला मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले होते, तीही निघाली. शिवाय मुंबईच्या पलटणीतले १३ शिपाई होते, आणि त्सेत्से माशीच्या प्रदेशात भारतीय जनावरे टिकतात का ते पाहण्यासाठी उंट, म्हशी, खेचरे आणि गाढवेही होती.

जानेवारी १८६६ मध्ये हा लवाजमा मुंबईहून निघाला. जनावरे काही महिन्यांतच संपली. शिपायांनी त्यांचे हाल केले, असा लिव्हिंग्स्टनचा ग्रह होता. त्याने शिपायांना परत पाठवले. काही माणसे पळाली आणि लिव्हिंग्स्टन मारला गेल्याची बातमी त्यांनी पसरवली. औषधांची पेटी चोरीला गेली, तेव्हापासून तापाशी झुंजायला क्विनीन उरले नाही. नाईल नदीच्या उगमाच्या शोधात तो वर्षानुवर्षे दलदलीत भटकत राहिला. गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या या माणसाला अनेकदा गुलामांच्या व्यापाऱ्यांच्याच आश्रयाने जगावे लागले. नाशिकच्या मुलांविषयीही त्याच्या रोजनिशीत तक्रारीच जास्त आहेत. त्यांना तो आळशी समजे. नऊ जणांपैकी शेवटपर्यंत टिकले ते एडवर्ड गार्डनरसारखे एखाददुसरेच. १८७१ च्या अखेरीस हेन्री मॉर्टन स्टॅन्लीने त्याला टांगानिका सरोवराकाठी उजीजीला गाठले, आणि परत गेल्यावर त्याच्यासाठी माणसे पाठवली. त्यांत नाशिकचे आणखी सहा तरुण होते. जेकब वेनराइट, कॅरस फारार आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे त्यांतले.

१ मे १८७३ रोजी पहाटे, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत आढळला. त्या क्षणी काफिल्यात एकही गोरा माणूस नव्हता. मृतदेह तेथेच पुरून मोकळे होता आले असते. बहुतेक ठिकाणी प्रेत नेणाऱ्यांकडे संशयाने पाहत आणि दंडही उकळत. सुसी, चुमा आणि नाशिककरांनी मात्र देह किनाऱ्यापर्यंत न्यायचे ठरवले. फरजल्ला आणि कॅरस फारार यांनी काळीज व आतडी काढून झाडाखाली पुरली, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर नाव व तारीख कोरली. चौदा दिवस देह उन्हात वाळवला, मांजरपाटात गुंडाळून झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातला, वरून शिडाचे कापड शिवले आणि डांबर फासले.

मग दीड हजार किलोमीटरहून अधिक वाट खांद्यावरून. आजारपणाने काही जण वाटेतच मेले. उन्यान्येंबेला लेफ्टनंट कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला; देह येथेच पुरा, असा सल्ला त्याने दिला. त्यांनी तो मानला नाही. पुढे एका गावाने प्रेत नेण्यास विरोध केला, तेव्हा त्यांनी गवताकाड्यांचे खोटे प्रेत बांधून काही माणसांबरोबर गाजावाजा करीत परत पाठवले, आणि खरे प्रेत कापडाच्या गठ्ठ्यासारखे बांधून पुढे नेले. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्याला लागले. सोबत रोजनिश्या, नकाशे आणि उपकरणे होती. लंडनमध्ये सर विल्यम फर्ग्युसन या शल्यवैद्याने डाव्या दंडाचे हाड पाहिले. सिंहाने फोडलेले, न जुळलेले ते हाड, तीच ओळख ठरली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झाले, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. देह वाहून आणणाऱ्यांपैकी त्या दिवशी तेथे तो एकटाच. बाकीच्यांना किनाऱ्यावर पगार चुकता करून निरोप देण्यात आला होता. सुसी आणि चुमा यांना नंतर बोलावणे आले, ते रोजनिश्यांच्या संपादनात मदतीसाठी.

लिव्हिंग्स्टनच्या नावावर मग व्यापार आला, मिशन आले, आणि दहा-बारा वर्षांत युरोपच्या सत्तांनी खंड वाटून घेतला. शरणपूरच्या आश्रमातली आफ्रिकी माणसेही तोवर नाशिकहून परतू लागली होती. आश्रम चालवणारे विल्यम प्राइस यांनी मोंबासाजवळ वसवलेल्या फ्रीअरटाउन येथे त्यांची वस्ती झाली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांचे नाव तिला दिले होते. पूर्व आफ्रिकेत ही माणसे बॉम्बे आफ्रिकन्स म्हणून ओळखली जात. त्यांच्यातले सुतार, लोहार, शिक्षक तेथल्या मिशन शाळांच्या उभारणीत होते. जेकब वेनराइट १८९२ साली आजच्या टांझानियात वारला. त्याने प्रेतयात्रेची रोजनिशी इंग्रजीत लिहून ठेवली होती. त्या नऊ महिन्यांचा तो समकालीन लेखी पुरावा आहे. मॅथ्यू वेलिंग्टन मात्र दीर्घायुषी ठरला. १९३५ साली तो मोंबासाला वारला, तेव्हा देह वाहणाऱ्या त्या काफिल्यातला तो शेवटचा माणूस होता.