पंडित नहेम्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे

करमाड येथे उपासना आटोपल्यावर एका तरुण बंधूने आम्हांस एकीकडे नेऊन विचारले की, मनात शंका येणे हे पाप आहे काय? दोन शब्दांत उत्तर देऊन त्याची बोळवण करणे आम्हांस बरे वाटले नाही. म्हणून आम्ही त्यास एका मराठी भक्ताचे चरित्र सांगितले. तेच येथे देतो.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म सन १८२५ त झांशीजवळच्या काशीपुरा गावी एका चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. ते काशीस वाढले व तेथेच व्याकरण व न्याय ही शास्त्रे शिकले. आपण जे खरे मानतो ते खरे कशावरून, हा न्यायशास्त्राचा मूळ प्रश्न होय. त्यासाठी त्या शास्त्राने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे सांगितली आहेत. बांधापलीकडे धूर दिसताच तेथे विस्तव आहे असे आपण ताडतो, ते अनुमान; भरवशाच्या माणसाच्या सांगण्यावरून जे कळते, ते शब्दप्रमाण. ही पारख शास्त्रीबोवांच्या अंगी पुरती मुरली होती.

काशीस चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ साहेब उपदेश करीत. त्यांस वादात जिंकावे म्हणून शास्त्रीबोवा त्यांजकडे गेले. जॉन म्यूर साहेबांच्या मतपरीक्षा या संस्कृत ग्रंथास उत्तर म्हणून त्यांनी शास्त्रतत्त्वविनिर्णय हा ग्रंथही रचला. परंतु दोष काढण्यासाठी हाती घेतलेले शुभवर्तमान त्यांस सोडीना. प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले. ज्या पक्षासाठी लेखणी झिजविली तो आता आपणास पटत नाही, हे कबूल करणे विद्वानास किती जड असते! तरी १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला व नहेम्या हे नाव धारण केले.

त्याची किंमत मोठी होती. आप्त दुरावले. त्यांची पत्नी त्यांच्याकडे येऊन राहिली, परंतु १८५३ साली कन्या झाल्यावर लवकरच ती निवर्तली. तीच कन्या पुढे एलेन लक्ष्मी गोऱ्हे या नावाने भक्तिगीते रचणारी म्हणून प्रसिद्ध झाली. १८५४ साली शास्त्रीबोवा महाराजा दुलीपसिंग यांजबरोबर विलायतेस गेले. १८६० साली त्यांचा षड्दर्शनदर्पण हा हिंदी ग्रंथ निघाला. ज्या सहा दर्शनांत ते वाढले, त्यांची परीक्षा त्यांनी त्याच शास्त्राच्या तर्काने केली. दुसऱ्याचे मत नीट समजल्यावाचून त्यास दोष देऊ नये, हा धडा उपदेशक बंधूंनी यावरून घ्यावा.

बाप्तिस्म्याने त्यांच्या शंका मिटल्या असे मात्र नाही. त्या त्यांस जन्मभर छळीत राहिल्या. पाळकपणाची दीक्षा त्यांनी १८७० साली, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी घेतली. पुढे ते काउली येथील व्रतस्थ मंडळात उमेदवार राहिले. पण अखेरची शपथ त्यांनी घेतली नाही. मन पूर्ण साक्ष देत नसता ओठांनी होय म्हणणे त्यांस खोटे वाटे. आणि नवल हे की, अशा या शंकाग्रस्त माणसाच्या लेखांनी पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीस विश्वासाकडे येण्यास साहाय्य झाले. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. त्या दिवसापर्यंत त्यांनी प्रभूस सोडले नाही.

वाचकहो, बी पारखून पेरणारा शेतकरी आळशी नव्हे, शहाणा होय. बिरुया येथील लोकांनी पौलाचा उपदेशदेखील शास्त्राशी ताडून पाहिला, व त्याबद्दल त्यांची स्तुतीच झाली आहे. शंका आली हे पाप नव्हे. ती लपवून दांभिकपणे वागणे, अथवा तिचे निमित्त करून शोधच सोडून देणे, हे मात्र घातक होय. शास्त्रीबोवा शंका घेऊन प्रभूपासून पळाले नाहीत. ती घेऊन ते त्याच्याच पायाशी बसले. करमाडच्या त्या बंधूने, आणि आपण सर्वांनी, तसेच करावे.