विश्लेषण : जखमी शेकडो, डॉक्टर मोजके… आधी उपचार कुणावर? पिरोगोव्ह यांनी काय शिकवले?

मोठ्या दुर्घटनेनंतर एकाच वेळी शेकडो जखमी रुग्णालयात आले, तर आधी कुणाकडे धावायचे? आज डॉक्टर आणि परिचारिकांना याचे प्रशिक्षण दिले जाते. त्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक होते रशियन शल्यचिकित्सक निकोलाय पिरोगोव्ह.

कोण होते पिरोगोव्ह?
त्यांचा जन्म १८१० मध्ये मॉस्कोत झाला. चौदाव्या वर्षी ते मॉस्को विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाले. पुढे दोर्पात आणि सेंट पीटर्सबर्ग येथे ते प्राध्यापक होते. १८४७ मध्ये कॉकेशसच्या युद्धभूमीवर त्यांनी ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया केल्या.

सेव्हास्तोपोलमध्ये काय बदलले?
क्रिमियन युद्धात १८५४ च्या अखेरीस ते वेढा पडलेल्या सेव्हास्तोपोलला पोहोचले. जखमींचा लोंढा आला की डॉक्टर एकाकडून दुसऱ्याकडे धावत, थकून जात आणि धड मदत कुणालाच मिळत नसे. पिरोगोव्ह यांनी आधी वर्गवारी, मग शस्त्रक्रिया असा क्रम लावला. तातडीच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण वेगळे, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकणारे वेगळे. किरकोळ जखमींना मलमपट्टी करून परत पाठवले जाई. ज्यांच्या वाचण्याची आशा नव्हती, त्यांच्यावर शस्त्रक्रिया होत नसे. हा सर्वांत जड निर्णय होता. मात्र त्यांना वाऱ्यावर सोडले जात नसे. परिचारिका आणि धर्मगुरू त्यांच्याजवळ असत.

परिचारिकांची भूमिका काय होती?
ग्रँड डचेस येलेना पाव्हलोव्हना यांनी १८५४ मध्ये परिचारिकांची संस्था स्थापन केली. स्त्रियांनी युद्धभूमीवर जाणे तेव्हा अनेकांना रुचले नव्हते. पिरोगोव्ह यांनी मात्र त्यांना कामे नेमून दिली : काहींकडे मलमपट्टी, काहींकडे औषधे, तर काहींकडे अन्न आणि कपड्यांची व्यवस्था. साठ्यावर त्यांची नजर असल्याने चोरीलाही आळा बसला.

आज त्याचे महत्त्व काय?
युद्धातील अनुभव पिरोगोव्ह यांनी १८६४ च्या ग्रंथात मांडले. १८८१ मध्ये त्यांचे निधन झाले. जखमींना लाल, पिवळी, हिरवी वा काळी पट्टी लावण्याच्या आजच्या पद्धतीमागे हाच वर्गवारीचा विचार आहे. मॉक ड्रिलमध्ये त्याचाच सराव होतो. कारण ऐन गर्दीत विचार करायला उसंत नसते. कुणी काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे लागते.