स्पीड टेस्ट दर वेळी वेगळी का येते? उत्तर शोधणाऱ्या एर्लांगची गोष्ट

माझं गाव बीबी, लोणार तालुका, जिल्हा बुलडाणा. गावात घरोघरी फायबर यायला लागल्यापासून नातेवाईकांचा मला एकच प्रश्न असतो: १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, सकाळी टेस्ट केली तर ९० दिसतं आणि रात्री नऊला ३०. मग कंपनी फसवते का? कधी हो, बहुतेक वेळा नाही. या दोन्हीतला फरक ओळखायचं गणित ज्याने मांडलं, त्याने कॉम्प्युटर कधी पाहिलाही नव्हता.

शाळामास्तरांचा मुलगा

आग्नर क्रारुप एर्लांग याचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कमधल्या ल्योनबोर्ग या खेड्यात झाला. वडील गावच्या शाळेत मास्तर. पोरगा इतका हुशार, की वय कमी असूनही खास परवानगीने त्याने चौदाव्या वर्षीच परीक्षा दिली आणि पास झाला. मग दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत शिकवलं. १८९६ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून कोपनहेगन विद्यापीठात गेला आणि १९०१ मध्ये गणितात पदवी घेतली. पुढची सात वर्षं तो साधा शाळाशिक्षक होता.

गणितज्ञांच्या मंडळात त्याची ओळख योहान जेन्सन यांच्याशी झाली. गणितातली 'जेन्सनची असमानता' यांचीच. नोकरीने मात्र ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर होते. त्यांच्यामुळे १९०८ मध्ये एर्लांग कंपनीत आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. तो फक्त टेबलावर बसणारा नव्हता. केबलमधून वीज कुठे गळते हे मोजायला तो रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये उतरायचा, शिडी घेऊन एक कामगार मागे.

प्रश्न काय होता?

आपल्याकडे ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहिलेली माणसं अजून घरात आहेत. अडचण तीच: लाइन मोजक्या, बोलणारे भरपूर. प्रत्येकाला वेगळी लाइन देणं परवडत नाही आणि फारच कमी ठेवल्या तर लोक चिडतात. मग नेमक्या किती ठेवायच्या?

१९०९ मध्ये एर्लांगने दाखवलं की कॉल ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी चार एकदम, कधी बराच वेळ एकही नाही. पण या गोंधळालाही नियम आहे आणि त्याचा हिशोब करता येतो. १९१७ मध्ये त्याने किती कॉल परत जातील आणि किती वेळ थांबावं लागेल, याची सूत्रं दिली. ब्रिटनच्या पोस्ट खात्यानेही ती वापरली.

उदाहरण घेऊ. एक लाइन तासभर सतत व्यस्त असेल तर तो भार १ एर्लांग. दहा गावं धरा, प्रत्येकाचा भार १ एर्लांग. शंभरात एकापेक्षा जास्त कॉल परत जाऊ नये असं ठरवलं, तर प्रत्येक गावाला वेगळ्या ५, म्हणजे एकूण ५० लाइन लागतात. दहाही गावं एकाच एक्स्चेंजला जोडली तर १८ पुरतात! कारण सगळे एकाच वेळी बोलत नाहीत.

आता उलटी बाजू बघा. १८ लाइनवर भार १० एर्लांग असताना हजारात साधारण ७ कॉल परत जातात. भार दीडपट, म्हणजे १५ झाला की हजारात ८६. गर्दी दीडपट, त्रास बारापट.

तुमच्या घरातलं फायबर

इंटरनेट कॉलसारखं परत पाठवत नाही, प्रत्येकाच्या वाट्याचा वेग कमी करतं. घरगुती फायबरच्या जीपॉन तंत्रात सुमारे २.५ जीबीपीएसची एक लाइन ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ६४ घरांना १०० एमबीपीएस विकलं तर बेरीज ६.४ जीबीपीएस होते. ही फसवणूक नाही, हे वरचंच १८ आणि ५० चं गणित आहे. पण पुढची लाइन अपुरी ठेवून ग्राहक वाढवत नेले, तर रात्री रोजच वेग पडतो. तिथे तक्रार रास्त आहे.

गर्दीशिवाय आणखी तीन कारणं असतात:

- वायफाय: २.४ गिगाहर्ट्‌झ भिंतीपलीकडे पोचतं, पण हळू असतं. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण भिंतीला दमतं.
- सर्व्हर: प्रत्येक टेस्ट वेगळ्या सर्व्हरशी बोलते. सर्व्हर जवळचा की लांबचा, यावर आकडा बदलतो.
- पद्धत: काही टेस्ट एकदम अनेक कनेक्शन उघडतात, काही एकच. एका कनेक्शनवर आकडा बहुधा कमी येतो.

म्हणून लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, घरातले बाकी डाउनलोड बंद करा आणि एकच टेस्ट, एकच सर्व्हर ठेवून आठवडाभर सकाळी, दुपारी, रात्री आकडे लिहा. आकडे थोडे वरखाली होणारच. रोज रात्री ठरलेल्या वेळीच वेग कोसळत असेल, तर ती वही घेऊन कंपनीकडे जा.

नाव मागे राहिलं

एर्लांगने लग्न केलं नाही. पुस्तकं जमवायची आणि गरजूंना पैसे द्यायचे, हे त्याचे दोन मोठे खर्च. पोटाच्या ऑपरेशननंतर ३ फेब्रुवारी १९२९ रोजी तो गेला, वय अवघं ५१. १९४६ मध्ये टेलिफोन भाराच्या एककाला त्याचं नाव मिळालं. पुढे एरिक्सन कंपनीत तयार झालेल्या प्रोग्रॅमिंग भाषेचं नावही एर्लांग. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर त्याच भाषेत लिहिले गेले, म्हणजे स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट तुम्ही मला पाठवता तेव्हाही त्याचं नाव मध्ये असतंच.